सतरा नंबरची बरणी

चंद्रभान सर अठ्ठावीस वर्षं आष्टीच्या एका कॉलेजात मुलांना समुद्री प्राणी शिकवत होते, आणि समुद्र मात्र त्यांनी पाहिला नव्हता. यात सरांची काही चूक नाही. वर्धा जिल्ह्यात समुद्र नाही. निवृत्तीला चार महिने उरले तेव्हा त्यांनी बायकोला, कोकिळाबाईंना घेऊन मालवण गाठलं, पोट आत ओढून रबरी पोशाख चढवला आणि पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्यात बुडी मारली.

खाली खडकाशी तो पडला होता. काळाभोर, हातभर लांब, ना डोळे ना पाय. सरांनी त्याला बोटाने टोचलं, तसे त्याने पांढरे चिकट धागे सोडले. ते सरांच्या बोटांना असे चिकटले की शेवटी गाइडने सोडवले. हा सगळा तमाशा कॅमेऱ्यात आला.

वर आल्यावर सरांनी विचारलं, "हा कोणता प्राणी?"

"तसले ढीगभर पडलेले असतात इथे," म्हणत गाइड पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

"त्याले काय समजते? तो काय एम.एस्सी. हाय?" सर बोटीत कुजबुजले.

कोकिळाबाईंनी फोनवर व्हिडिओ पाहिला. "मले तं सडक्या वाळकावानी दिसून राह्यलं."

"तू चूप बस. हे सायन्स हाय." शेतकऱ्याची लेक, तिला जिथेतिथे काकड्याच दिसणार, असं सर मनात म्हणाले.

परतीच्या गाडीत सरांनी पाठ्यपुस्तक दोनदा चाळलं. असला प्राणी कुठेच नव्हता. पुलगाव स्टेशनावर उतरता उतरता त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पुस्तकात नाही, म्हणजे कोणालाच ठाऊक नाही! नव्या प्राण्याला माणसाचं नाव देतात, हे ते दरवर्षी शिकवत. सरांना मूलबाळ नव्हतं. आपल्या मागे आपलं नाव कुठेतरी राहावं, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती काही वाईट नव्हती.

त्यांनी कॉलेजच्या ग्रुपवर 'पुस्तकात सापडत नाही' असं लिहून व्हिडिओ टाकला. प्राचार्य प्रभाकररावांनी लगेच विचारलं, "सर, नवीन प्रजाती?" सरांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. नुसते जोडलेले हात टाकले. जिथे सरांना ओळखता येत नाही तिथे आपण कोण, म्हणून बाकी कोणी शोधायच्या भानगडीत पडलं नाही. दोन दिवसांत पेपरात बातमी आली, चौकात फ्लेक्स लागला आणि शनिवारी प्रयोगशाळेत सत्कार ठरला. आता नाही म्हणणार तरी कोणत्या तोंडाने?

शनिवारी सर अर्धा तास आधीच पोचले. प्रयोगशाळेतले शिपाई पुंडलिकराव भिंतीला पांढरी चादर बांधत होते. त्यांच्याकडे साधा फोन, त्यामुळे व्हिडिओ त्यांनी पाहिला नव्हता. प्रोजेक्टर सुरू झाला आणि पुंडलिकराव म्हणाले, "सर, हा तं आपला सतरा नंबर."

"काय?"

पुंडलिकरावांनी कपाटातली बरणी काढून समोर ठेवली. आतला प्राणी औषधात राहून राहून भाकरीच्या पिठासारखा पांढरा पडला होता आणि पुस्तकातल्या चित्राप्रमाणेच सरळ उभा होता. सरांनी बरणी आडवी धरली. चादरीवर पाहिलं. पुन्हा बरणीकडे पाहिलं. चिठ्ठीवर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: समुद्रकाकडी.

"अन् ते धागे?"

"'छेडल्यास हा प्राणी पांढरे चिकट धागे सोडतो. हमखास येणारा प्रश्न.' तुमचंच तं हाय सर. अठ्ठावीस साल झाले, बरण्या पुसता पुसता ऐकून राह्यलो."

सरांनी घाईने दार लोटलं. "पुंडलिकराव, तुमाले हात जोडतो. बरणी लपवा."

बरणी टेबलाखाली गेली. वर शाल-श्रीफळ आलं. समोर कोकिळाबाई नवी साडी नेसून बसल्या. पुष्पगुच्छ द्यायला बारावीची सुरभी उठली.

"मागच्या वर्षी स्पॉटिंगमधी, म्हंजे घंटा व्हायच्या आत बरणीतला प्राणी ओळखाचा असते नं, त्यात मले सतरा नंबर ओळखू नाई आला," ती म्हणाली. "सरांनी झिरो देला. म्हणे, डोळे घरी ठेवून आली काय? म्या लय रडली. पण सर, तुमचे डोळे कसे असते ते आज समजलं."

टाळ्या पडल्या. सरांना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते वाकले आणि त्यांनी बरणी काढून टेबलावर आडवी ठेवली.

"सुरभी, तो हाच हाय. मलेबी नाई ओळखू आला."

सुरभी वाकून बरणी पाहू लागली.

"मंग सर, तुमाले किती मार्क?"

"झिरो."

"अन् मले?" पहिल्या रांगेतून कोकिळाबाई कडाडल्या. "म्या तं बोटीतच वाळूक म्हनलं होतं!"

लोक पोट धरून हसले. प्रभाकररावांनी शाल कोकिळाबाईंच्या खांद्यावर घातली, नारळ पुंडलिकरावांच्या हाती दिला.

त्याच वर्षीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सतरा नंबरवर बोट ठेवून एका पोराला विचारलं, "हा कोण?"

"चंद्रभान सर," पोरगा बोलून गेला.

सर शेजारीच उभे होते. त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. ते कधीच निवृत्त झाले. बरणी अजून तिथेच आहे, आणि तिला आष्टीत आजही दुसरं नाव नाही.