पोळ्यांच्या डब्यातलं डोकं

"अरे, आ तो टिफिन छे!" बॉनेटमध्ये डोकावून सोसायटीचे चेअरमन शहाभाई म्हणाले.

"टिफिन नाही, डोकं आहे. गाडीचं. मी बांधलेलं," चिटणीसकाका म्हणाले.

दोघंही खरं बोलत होते. सुभानपुऱ्यात आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे काका मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात आयुष्यभर मशिनं दुरुस्त करून निवृत्त झाले. मग त्यांनी आपल्या जुन्या गाडीचा पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर काढून टाकला. इंजिनाला पेट्रोल किती आणि ठिणगी कधी द्यायची हे ठरवणारा कॉम्प्युटर त्यांनी घरीच बांधला, स्टीलच्या पोळ्यांच्या डब्यात.

नवी गाडी घ्या, असं कोणी सुचवलं की ते म्हणत, "कंपनीचं डोकं कंपनीचं ऐकतं. मला माझं ऐकणारं हवंय."

पण हे डोकं त्यांचंही ऐकत नसे. मांडवीच्या गर्दीत गाडी बंद पडली तेव्हा मागच्या हॉर्नवाल्यांना काकांनी खिडकीतून सांगितलं, "थांबा जरा, विचार करतेय ती."

मी कमी बोलते, म्हणून मी त्यांना सोयीची. जिन्यात गाठून ते मला इंग्रजी मॅन्युअल वाचायला लावत आणि अर्थ स्वतःच सांगून टाकत. "एक भाग पेट्रोल, चौदा पॉइंट सात भाग हवा. पेट्रोल वाढलं की गुदमरते, हवा वाढली की आचके देते. चौदा पॉइंट सात म्हणजे सुखाचा संसार!"

त्यांचा संसार पुण्याला होता. काकू नातीला सांभाळायला दोन वर्षांपूर्वी लेकीकडे गेल्या, त्या तिकडेच. "तिला आणीन तर या गाडीतूनच," काका म्हणत.

मग बंद गाडीनं जागा अडते म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलं: रविवारी गाडीनं आवाराला तीन चकरा मारल्या नाहीत, तर भंगारवाला बोलवायचा. मला विरोध करायचा होता. मी हात वर केला, पण कोणी बघायच्या आत खाली घेतला.

शनिवारी मी काकांना म्हटलं, "डब्याऐवजी प्लास्टिकची पेटी मिळते."

"स्टीलमधून वायरींमधल्या विजेचा गोंगाट आत शिरत नाही," असं म्हणत त्यांनी बाहीनं झाकण पुसलं. झाकणावर कोरलं होतं: सौ. मालती चिटणीस. "आणि हे एकट्याचं काम नाही गं. एकानं चालवायचं, दुसऱ्यानं लॅपटॉपवर हवा-पेट्रोलचे आकडे वाचायचे. ती वाचायची. मटार सोलता सोलता."

रविवारी काकांच्या शेजारच्या सीटवर डब्याला जोडलेला लॅपटॉप होता, बेल्ट लावलेला. आकडा बघायला काका वाकले आणि गाडी गेटापाशीच बंद पडली.

"लो! बंद!" शहाभाईंनी फोन काढला.

मी जाऊन दार उघडलं, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि बसले.

"बेन, तमे पण? तुम्हीसुद्धा?" शहाभाई म्हणाले.

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. नुसती चावी फिरवली. इंजिन खोकत सुरू झालं.

"अकरा," मी पुटपुटले.

"पेट्रोल कमी कर. हळूहळू."

मी बटण दाबत राहिले. बारा. तेरा. खोकला थांबला. शहाभाईंचा फोन अजून कानालाच होता. मी खिडकीची काच खाली केली आणि अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल असं ओरडले,

"चौदा पॉइंट सात! काका, गिअर टाका!"