कमळाबाईंच्या खोलीतली साठ टक्के हवा

निसर्गावर ताबा मिळवायला माणसाला एक छोटी खोली पुरते. फक्त ती दुसऱ्याची असावी लागते. खांदा कॉलनीतल्या केतनने आपल्या आईची, म्हणजे कमळाबाईंची, घेतली. (त्यांना हॉलमधला दिवाण मिळाला. तिथून टीव्ही समोर दिसतो, ही जमेची बाजू.)

खोलीत मायक्रोग्रीन्स पिकवायचे होते. मायक्रोग्रीन्स म्हणजे मेथी-मुळा-मोहरीची बोटभर रोपं. बांधावर उगवली तर म्हैस खाते, ट्रेमध्ये उगवली तर हॉटेलवाले सॅलडवर ठेवतात. हवेत साठ टक्क्यांपेक्षा जास्त ओल झाली की त्यांना बुरशी येते. जुलैत पनवेलला ती त्र्याण्णव टक्के असते.

"साठ म्हणजे साठ. एकसष्ट झाली तर नाव बदलेन," केतन म्हणाला. पहिल्या दिवशी एकोणनव्वद झाली. (नाव अजून केतनच आहे.)

मग ओल शोषणारं मशीन आलं, दाराला रबरी पट्टी आली, आणि ओल मोजणाऱ्या यंत्राचा काटा खरंच साठावर आला.

"माजी खोली कवा देनार रं?" कमळाबाईंनी विचारलं. "गणपतीला जासईवरनं माज्या दोन भैनी येतील. त्यांना काय या गवतावं निजवू?"

"आये, गणपतीपर्यंत दम धर. तोवर एकही ट्रे विकला गेला नाही, तर खोली तुझी."

असा लेखी नसला तरी पवित्र करार झाला.

इथे केतनची बायको रंजिता हिच्याकडून एक दुपट्टा खोलीत वाळत घातला गेला. चाळीस मिनिटांत वाळला! चार दिवस कपडे वाळले नसताना ही बातमी पोटात ठेवणं मानवी शक्तीबाहेरचं. तिने फक्त समोरच्या आभाला सांगितलं, तेही शपथ घालून. संध्याकाळी दारात ओल्या कपड्यांच्या अकरा बादल्या होत्या.

प्रत्येक वस्तूने हवा किती ओली होते याचा अभ्यास झाला. जीन्स: दोन टक्के. उशीचा अभ्रा: अर्धा. आभाच्या सासूबाईंचं नऊवारी: साडेसहा (स्वतंत्र परवानगी). सोसायटीचे सेक्रेटरी गुरुदत्त कर्तव्यदक्ष. त्यांनी 'कोरडी खोली वापर उपसमिती' नेमली, टोकनं छापली, दर तासाला काटा बघायला माणूस बसवला. साठच्या वर गेला की पुढची पाळी रद्द. अशी शिस्त मी फक्त पासपोर्ट ऑफिसात पाहिली आहे.

तरी काटा एकाहत्तरला. पाळ्या धडाधड रद्द. चौकशी बसली. निष्कर्ष असा: कपडे खोलीत येऊन कोरडे होतात, म्हणजे त्यांची वागणूक समाधानकारक आहे. रोपं मात्र पानांतून रात्रंदिवस वाफ सोडतात, आणि त्यांच्याकडे टोकन नाही. सबब रोपं जिन्यात हलवण्यात यावीत.

"काका, खोली रोपांसाठीच आहे!" केतन ओरडला.

"भावना समजते रे. पण त्यांचा अर्ज कुठे आहे?"

रोपं जिन्यात गेली. दोन दिवसांत त्यांच्यावर सुंदर पांढरी बुरशी आली. गणपतीच्या आदल्या दिवशी विकलेले ट्रे: शून्य. कमळाबाई उशी घेऊन स्वतःच्या खोलीच्या दारात आल्या. गुरुदत्तांनी त्यांचं अभिनंदन केलं आणि त्रेचाळीस नंबरचं टोकन दिलं.

"माज्याच खोलीत जायला मना नंबर?"

"मावशी, मालकी तुमचीच. रोज चार ते पाच निवांत पडा. फक्त येताना केस वाळवून या."

"केस वालवालाच तं खोली पायजे, मुडद्या!"

हा मुद्दा उपसमितीने नोंदवून घेतला.

आज चारला पाच कमी असताना त्या दारात उभ्या होत्या. काटा बरोबर साठावर होता. केस कोरडे होते, उशी कोरडी होती, समितीची काहीच हरकत नव्हती. तेवढ्यात तुम्ही आलात. आलात ते ठीक. पण उघड्या दारात उभे राहिलात, सगळी हकीकत ऐकलीत आणि वर तोंड उघडून हसलात. माणसाच्या तोंडातून केवढी वाफ जाते याची तुम्हाला कल्पना नसावी. काटा बासष्टवर गेला. चार ते पाचची पाळी रद्द झाली. कमळाबाई दिवाणावर परत गेल्या. तिथे जासईच्या दोघी बहिणी झोपल्या आहेत.