चाळिसात एकेचाळिसावा

घरच्या दोरीवर सावली होती, एवढंच झालं. गुरुवारी सकाळी एलिसाने शेजारच्या केळीच्या वाडीत ऊन बघितलं आणि बाळाचा बाप्तिस्म्याचा झगा तिकडच्या दोरीवर वाळत घातला.

झगा साधासुधा नव्हता. त्यात तिच्या सासऱ्यांचा बाप्तिस्मा झाला होता, मग नवऱ्याचा, आणि आता येत्या रविवारी गिरीज गावच्या चर्चमध्ये छोट्या मार्कचा व्हायचा होता. सासूबाई लुसी, म्हणजे घरातल्या मम्मी, यांनी तो तिच्या हातात देताना सांगितलं होतं, "धुताना जीव गेला तरी चालेल, लेस जाता कामा नये." (कोणाचा जीव, हे विचारायची एलिसाला हिंमत झाली नाही.)

ती दोरी कॅल्विनची, म्हणजे तिच्या चुलतदिराची. कॅल्विन मुंबईत कला शिकून आला होता आणि गुरुवारपासून वाडीत त्याचं प्रदर्शन होतं. दोरीवर चाळीस पांढरे, लेस लावलेले झगे, प्रत्येकाला किमतीची चिठ्ठी, प्रत्येकाच्या वर एक खोटा कॅमेरा. पोर जन्माला आलं की बाजार त्याचं गिऱ्हाईक करतो आणि वरून नजर ठेवतो, असा त्याचा अर्थ. एलिसाला त्यातलं इतकंच कळलं होतं की दोरी मजबूत आहे. चाळिसात एकेचाळिसावा, कोणाच्या लक्षात येणार, असं म्हणून तिने टोकाला चिमटे लावले.

मग दुपारी मार्कला झोपवता झोपवता तिचाच डोळा लागला. जाग आली तेव्हा चार वाजले होते. खिडकीतून बघते तर वाडीत पन्नासेक माणसं हाताची घडी घालून गंभीरपणे उभी, त्यांना अडवायला आडवा दोर, आणि दोराच्या आत वॉचमनच्या गणवेशात कॅल्विन. टोकाला लेसचा झगा लोंबत होता. त्याला चिठ्ठी होती, तीनशे नव्व्याण्णव.

मार्कला कडेवर घेऊन एलिसा मागच्या कुंपणातून घुसली.

"कॅल्विन, तो टोकाचा आमचा आहे."

कॅल्विनने शिट्टी वाजवली. सहा वाजेपर्यंत बोलायचं नाही, हा त्याच्या कलेचा नियम होता. (तो फाटकावरच्या पाटीवर लिहिलेला होता. एलिसा फाटकातून आली नव्हती.)

"अरे, रविवारी बाप्तिस्मा आहे."

शिट्टी.

"मम्मी मला घरात घेणार नाहीत रे."

यावेळी शिट्टी लांब वाजली. एलिसाला रडू फुटलं, तसं लाकडी मण्यांची माळ घातलेल्या एका बाईंनीही डोळे पुसले. मग एलिसा दोराखालून वाकून आत शिरली, झगा ओढला, चिमटे उडाले, एक कॅमेरा खाली पडून फुटला, आणि ती केळीतून धूम पळाली. कॅल्विन शिट्टी फुंकत कुंपणापर्यंत मागे. पाठीमागे टाळ्या कशाच्या चालल्यात, हे तिला कळेना.

घरी लुसीबाई इस्त्री थंड व्हायची वाट बघत बसल्या होत्या. त्यांनी झगा उलटासुलटा केला, लेस चिमटीत धरली.

"ही तर बाजारातली. कोणाचा उचलून आणलास? आपला मी अकरालाच काढला. इस्त्री करून कपाटात ठेवलाय."

संध्याकाळी कॅल्विन आला. आता त्याला बोलता येत होतं. एलिसाने मान खाली घालून झगा पुढे केला. बाही उसवली होती.

"ठेवा वहिनी, तुम्हालाच लागेल. उद्या चारला परत या. लोक विचारतायत."

"चोरी करायला?"

"हो. आणि मार्कला कडेवर घ्या, तसंच बरं दिसतं."

एलिसाने साफ नाही म्हटलं. लुसीबाईंनी फक्त विचारलं, "त्याचा कॅमेरा कोणी फोडला?"

तेव्हा शुक्रवारी एलिसाने चोरी केली. शनिवारीही केली. शनिवारी लुसीबाई घरची प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन सगळ्यांच्या पुढे बसल्या होत्या.

घरी परतल्यावर दारात चप्पल काढता काढता त्या म्हणाल्या, "पळतेस चांगली. पण रडणं आज खोटं वाटलं."