दोन पडद्यांचा प्लॅन

"वहिनी, तेवढा घरचा टीव्ही बंद करा बरं. इकडं अख्खी गाडी बोंबलून राह्यली."

नगरच्या अलीकडचा घाट संपला की तुळशीरामला हा फोन करावा लागे. फोनवरची वहिनी म्हणजे भाऊरावची बायको चांगुणा, आणि बोंबलणारी गाडी म्हणजे भाऊरावची बस. स्टिअरिंगवर बसलेल्या भाऊरावला हे सगळं ऐकू येई आणि त्याचे कान तापत.

ही बस एक दिवसाआड सकाळी सातला दुसरबीडहून निघायची, दुपारी चारच्या सुमाराला पुण्याला पोचायची आणि दुसऱ्या दिवशी परत यायची. तुळशीराम तिच्यात तिकिटं बघायचा. जन्म एसटीत कंडक्टर म्हणून गेलेला, त्यामुळे रिटायर होऊनही "पुढे सरका, पुढे सरका" म्हटल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. पुढे कोणी उभं नसलं तरी तो म्हणायचा.

बसमध्ये टीव्ही होता. इंजिन सुरू झालं की तो सुरू व्हायचा, इंजिन बंद की तोही बंद. पूर्वी त्याला एक पेन ड्राइव्ह लावलेला असे आणि त्यात नऊ पिक्चर होते. नेहमीच्या गिऱ्हाइकांना ते इतके पाठ झाले होते की हिरोच्या आधी मागच्या सीटवरूनच डायलॉग यायचा. शेवटी भाऊरावच्या मुलीने, समताने, तोडगा काढला. समता संभाजीनगरच्या एका दवाखान्यात नर्स होती.

"बाबा, घरचं केबल काढून टाका अन् ॲप घ्या. एकाच खात्यावर घरी पण चालतं, गाडीत पण. फक्त लहान प्लॅन घेतला तर एका वेळी एकाच ठिकाणी दिसेल. दोन पडद्यांचा घेऊ का?"

"कायले?" भाऊराव म्हणाला. "मी घरी असलो का गाडी उभी. गाडी चालू असली का मी घरी नाई. दोन पडदे लागतात कुठं?"

या हिशेबात बायको कुठे बसते, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. चांगुणाही काही बोलली नाही. केबलवाल्याने वायर गुंडाळून नेली तेव्हा ती तांदूळ निवडत होती, आणि ती निवडतच राहिली.

पुढे मात्र भानगड सुरू झाली. ॲपचा नियम सरळ होता. ज्याने आधी लावलं त्याला दिसणार, आणि नंतर लावणाऱ्याच्या पडद्यावर पाटी येणार, 'सध्या दुसऱ्या ठिकाणी सुरू आहे.' सकाळपासून बसचाच टीव्ही आधी लागलेला असे, म्हणून काही अडचण नव्हती. पण घाटात रेंज गेली की बसचा पिक्चर थांबायचा, आणि तेवढ्या दहा मिनिटांत घरचा टीव्ही नंबर लावून मोकळा व्हायचा. रेंज परत आली की बसमध्ये हिरोच्या जागी पाटी. मग आरडाओरडा, मग तुळशीरामचा फोन.

आणि चांगुणा टीव्ही लगेच बंद करायची. नवल म्हणजे, कधी कुरकुर नाही, चिडणं नाही. "हाव हाव, करते बंद!" असं इतक्या आनंदाने म्हणायची की तुळशीरामला वाटे, आपण काही मागितलं नाही, उलट दिलं.

हे चार-पाच महिने चाललं. मग एकदा तिसऱ्या सीटवरच्या शालूबाईंना राहवलं नाही. त्या सारख्या मुलाकडे पुण्याला जायच्या आणि भाऊरावची बस घरचीच असल्यासारखं बोलायच्या.

"भाऊराव, थे बिचारी घरी एकटी. मोठ्या हौसेनं टीव्ही लावते, अन् तुम्ही रोज बंद कराले लावता. थे एका शब्दानं बोलत नाई, म्हणून तिले काही वाटत नसन का?"

ते भाऊरावला लागलं. नगर ते पुणे त्याने एकदाही हॉर्न वाजवला नाही. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली आणि आपण बायकोच्या हातचा रिमोट काढून घेतला, ही गोष्ट त्याला खरोखरच फार वाईट वाटली. पुण्याला पोचल्यावर त्याने समताला फोन लावला.

"पडदे वाढवता येतात का वं?"

"येतात, बाबा. दोन करू?"

"कर. वर्षाचा करून टाक. अन् आईले सांगू नोको. तिचं तिलेच दिसू दे."

पुढच्या फेरीला भाऊराव सकाळपासून गालातल्या गालात हसत गाडी चालवत होता. त्याचा फोन नेहमीप्रमाणे बंद करून तुळशीरामच्या पिशवीत ठेवलेला. गाडी चालवताना फोनला हात लावायचा नाही, ही चांगुणाने घातलेली शपथ होती.

"तुळशीराम," जालना मागे पडल्यावर भाऊराव म्हणाला, "आज वहिनीचा फोन आला तं उचलू नोको."

"काऊन?"

"खुशीचा फोन राहीन तो. मले सोताच्या कानानं आयकाचा हाय. जेवाले थांबू तवा मी करतो."

संभाजीनगर सोडलं आणि तुळशीरामचा फोन वाजला.

"वहिनी."

"वाजू दे."

थोड्या वेळाने तुळशीराम म्हणाला, "तीन झाले."

"दिसलं वाटते तिले."

"सात झाले."

"पाह्यलं का? एवढीशी गोष्ट, पण बाईमाणूस केवढं खुश होते. आपल्याले समजत नाई." भाऊरावने आरशात शालूबाईंकडे बघितलं. शालूबाईंनी मान हलवून पसंती दिली.

"आता तुमच्या शेजारच्या उकंडरावचा येऊन राह्यला."

"त्याले बी सांगतलं असन तिनं."

"सरपंचाचा बी आला."

"सरपंचाले बी?" भाऊरावला आता जरा लाज वाटायला लागली. "पेढे वाटून राह्यली का काय बाई!"

घाट आला. पिक्चर थांबला, घाट संपला, आणि पिक्चर आपोआप सुरू झाला. पाटी नाही, काही नाही. सगळ्या बसने टाळ्या वाजवल्या. मागून कोणीतरी "भाऊराव झिंदाबाद" म्हणालं. आयुष्यात काहीतरी बरोबर केल्याचं समाधान काय असतं ते भाऊरावला त्या दहा मिनिटांत कळलं, आणि दहाच मिनिटं ते टिकलं.

"भाऊराव," तुळशीरामचा आवाज बदलला होता. "आपल्या अँब्युलन्सवाल्याचा फोन येऊन राह्यला."

"अँब्युलन्सवाल्याले काऊन सांगतलं असन तिनं?"

भाऊरावने गाडी बाजूला घेतली. चांगुणालाच काही झालं की काय, असं त्याच्या मनात आलं. पण खुशीचाच फोन असेल अशी वेडी आशा अजून सुटत नव्हती, म्हणून त्याने तुळशीरामच्या फोनवरून घरी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. शालूबाई पुढे सरकल्या. त्यांच्यामागे बाकीची गाडीही सरकली.

"हां, चांगुणा! दिसून राह्यलं ना आता?"

पलीकडून हुंदका आला.

"दिसून राह्यलं! सकाळपासून दिसूनच राह्यलं! म्हणून तं जीव गेला माहा!"

"अवं पण, दिसाव म्हणूनच तं मी…"

"तुम्ही कुठी हाय? गाडी बरी हाय ना? तुम्हाले लागलं नाई ना?"

"मले काय होते? गाडी मस्त चालू हाय."

"मंग पाटी काऊन नाई येत?"

"कोणती पाटी?"

आणि मग चांगुणा रडत रडत, मधेच रागावत, जे बोलली ते भाऊरावच्या जोडीने अडतीस माणसांनी ऐकलं.

"तुमची गाडी चालू असली का तिच्यातला टीव्ही चालू. तो चालू असला का माह्या टीव्हीवर पाटी येते, 'दुसऱ्या ठिकाणी सुरू आहे.' थे पाह्यली का मी टीव्ही बंद करते. मले कोणतं पिक्चर पाहाचं हाय! घाटात तुमचं बंद पडते तवा इकडं पिक्चर सुरू होते. मंग मी लावूनच ठेवते, अन् तुळशीराम भाऊजी 'बंद करा' म्हणे तोपर्यंत देवडीत दाराशी उभी राह्यते. त्यायचा फोन आला का जेवाले बसते. आज सकाळपासून दहा वेळ लावला, दहाही वेळ पिक्चर. समताचा फोन ड्युटीत बंद, भाऊजी उचलत नाई. मी काय समजू?"



"अन् केबल होतं तवा?" भाऊरावने हळूच विचारलं.

"तवा दिवसभर बातम्या लावून बसो. खालून पट्टी जाते ना, अपघाताची, थे वाचत. तुम्ही केबल काढलं तवा मले लई भेव वाटलं होतं. पण ही पाटी दिसली अन् वाटलं, हे तं बेस हाय."

"मले बोलली काऊन नाई?"

"बोलली असती तं गाडी चालवताना तुमच्या डोक्यात माहंच भेव बसलं असतं." मग आवाज जरा सावरून ती म्हणाली, "तुम्ही जेवले का?"

"नाई अजून."

"मी बी नाई. अन् अंगणात चाळीस माणूस जमलं. उकंडराव मोटरसायकलवर निघाले तुम्हाले शोधाले, जालन्याच्या पुढं गेले असतीन. त्यायले पयले फोन करा."

वर टीव्ही बंद होता, कारण इंजिन बंद होतं. शालूबाईंनी पदराने नाक पुसलं आणि उगाचच तुळशीरामवर डाफरल्या, "तुम्हाले फोन उचलता नाई येत?"

जुना प्लॅन परत घ्यायचा, हे भाऊरावने पुण्यात शिरायच्या आधीच ठरवलं होतं. समताने ड्युटी संपल्यावर आधी आईची, मग बापाची समजूत घातली, आणि शेवटी हात टेकले.

"बाबा, तुम्ही वर्षाचा भरला ना. आता वर्षभर मागं नाही जाता येत."

"मंग तिनं वर्षभर जेवाव नाई का?" भाऊराव म्हणाला. तुळशीरामने रोज एक फोन केला तरी भागलं असतं. पण बायको इतकी वर्षं दारात उभी आहे आणि आपल्याला ते एका ॲपमुळे कळलं, ही गोष्ट फोनने भागण्यातली नव्हती.

परत आल्यावर त्याने चांगुणाला सांगितलं, "पुढच्या फेरीले तू माह्यासंग चाल."

"बकरीले कोण पाहीन?"

"उकंडराव पाहतीन. जालन्यापोत गेलेला माणूस, बकरीपोत नाई जाणार का?"

चांगुणा तयार झाली. धुतलेलं लुगडं, भाकरीचा डबा, आणि बारा वर्षं दारातून जाताना पाहिलेल्या त्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट. तुळशीरामने सवयीने "पुढे सरका" म्हटलं, तर ती बिचारी खरंच खिडकीकडे सरकून बसली. सिंदखेड राजा येईपर्यंत ती एकटक नवऱ्याच्या हातांकडे बघत होती. गिअर पडला की तिचा पाय दाबला जायचा, ब्रेक लागला की हात दांडीवर जायचा. मग हळूहळू पाय सैल पडला, हात मांडीवर आला.

जालन्याच्या पुढे भाऊरावने आरशात बघितलं. चांगुणा झोपली होती. तोंड किंचित उघडं, डोकं काचेला टेकलेलं. तो गाडी चालवत असताना दिवसाढवळ्या ती अशी झोपल्याचं त्याने कधी पाहिलं नव्हतं. पाहणार तरी कसा? तो गाडीत असे आणि ती दारात.

टीव्हीवर तेव्हा मारामारी रंगात आली होती. भाऊरावने मान न वळवता तुळशीरामला खूण केली. तुळशीरामने आवाज कमी केला.

"ओ कंडक्टर, आवाज वाढवा ना!" मागून कोणी ओरडलं.

"वहिनी झोपल्या," तुळशीराम ओठांवर बोट ठेवून म्हणाला.

"कोणत्या वहिनी? थ्या टीव्हीवाल्या?"

चार-सहा माना उंच झाल्या. घाटाच्या तोंडाशी जिने पाच महिने त्यांचे पिक्चर अडवले, ती बाई काचेला डोकं लावून गाढ झोपली होती. शालूबाई त्या दिवशीही होत्या. त्यांनी मागे वळून सगळ्या गाडीकडे असं बघितलं की कोणाची काही म्हणायची छाती झाली नाही.

"बंदच करा बाप्पा," शालूबाई तुळशीरामला म्हणाल्या.

तुळशीरामने टीव्ही बंद केला. घाट आला, घाट गेला, बसमध्ये कोणी चकार शब्द काढला नाही. वर्षाचे पैसे भरून घेतलेला दोन पडद्यांचा प्लॅन होता, आणि त्या दिवशी दोन्हीकडचा टीव्ही बंद होता.