सिसिलिया आंटींचा वेगळा ब्रश

मेकअपचा ब्रश विकत घ्यायला गेल्या की सिसिलिया आंटी आधी चष्मा काढून माझ्या हातात देत. मग भर दुकानात डोळे मिटून उभ्या राहत आणि ब्रश आपल्या पापणीवरून फिरवत. एक झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. दुकानदार आधी हसायचा, पाचव्याला गप्प व्हायचा आणि दहाव्याला विचारायचा, "बाई, घेणार आहात का?" आंटी डोळे न उघडता म्हणायच्या, "बायको बघताना एवढीच घाई केलेलीस काय?"

दहातले नऊ नापास व्हायचे. नापास ब्रशाला त्यांच्याकडे एकच शब्द होता, केरसुणी. पास झालेल्याचं मात्र कौतुक वगैरे काही नाही, तो मुकाट पर्समध्ये जायचा.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. आम्ही मुंबईतली खोली विकून वसईच्या पापडीला फ्लॅट घेतला होता. इमारत उभी राहिली ती आंटींच्या वडिलांच्या केळीच्या वाडीवर, आणि त्या बदल्यात आंटींना तळमजल्याचा फ्लॅट मिळाला होता. बाहेरच्या खोलीत पार्लर, आतल्या खोलीत आंटी. लग्न केलेलं नव्हतं. भाऊ बोटीवर नोकरीला. का नाही केलं लग्न, असं कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "नवऱ्या सजवण्यातून वेळ कुठे मिळाला?"

त्या काळी सगळी पार्लरं स्पंजाने फाउंडेशन थापत. आंटींना स्पंजाचं नाव काढलेलं खपत नसे. "स्पंज भांड्यांना. तोंड म्हणजे काय टोप आहे?" फाउंडेशनचा ब्रश तेव्हा वसईत मागितला तर दुकानदार दाढीचा काढून दाखवायचा. मग आंटींनी स्टेशनरीच्या दुकानातून तैलरंगाचे चपटे नायलॉनचे ब्रश आणायला सुरुवात केली. "केसाचा ब्रश अर्धं फाउंडेशन स्वतःच पितो, नायलॉनचा पीत नाही," हे त्यांचं शास्त्र. लांब दांडा करवतीने कापायचा, पॉलिशपेपरने घासायचा. दुकानदाराने एकदा कौतुकाने विचारलं, "मुलगा चित्रकलेच्या परीक्षेला बसलाय का?" आंटी म्हणाल्या, "मुलगा नाही, नवरी बसल्येय. लवकर दे."

लावायची रीत ठरलेली. नाकापासून बाहेर, वरून खाली, चेहऱ्यावरची लव ज्या अंगाला झोपते त्या अंगाने. जबड्याखाली उतरून मानेत रंग विरायला हवा. "तोंड एका गावचं आणि मान दुसऱ्या गावची, अशी नवरी माझ्या दारातून बाहेर पडणार नाही." ट्यूबलाइटवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यामुळे अर्धा चेहरा झाला की नवरीला हाताला धरून गॅलरीत आणायच्या आणि उन्हात उभी करून निरखायच्या. एक गाल रंगलेला, एक कोरा, केसांना चिमटे, अशी नवरी पाहून रस्त्यावरच्या रिक्षा आपोआप हळू व्हायच्या. आणि कुणा आईने "थोडी गोरी करा हो" म्हटलं की संपलंच. "रंग तुम्हीच दिलात ना पोरीला? मग आता माझ्याकडे कसली तक्रार?"

माझ्या नणंदेचं, वैशालीचं लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी स्वतः जाऊन आंटींना सांगून ठेवलं. पंधरा दिवस उरले असताना शेजारच्या गल्लीतल्या मार्था मावशी गेल्या. सासूबाई मला घेऊन मयताला गेल्या. मावशींना लग्नातली साडी नेसवून पेटीत ठेवलं होतं. आजाराने काळवंडलेला चेहरा शांत, अगदी त्यांचाच दिसत होता. सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "जशा काही झोपल्यात हो! कुणी केलं इतकं छान?"

"आपल्या सिसिलियाने. ती सगळ्यांचं करते. पैसे नाही घेत," मावशींची सून म्हणाली.

सासूबाईंचे अश्रू तिथेच आटले. घरी न येता त्या थेट पार्लरमध्ये गेल्या. मी मागोमाग पोचले.

"तुम्ही मयताचंही करता?"

"करते."

"त्याच ब्रशांनी?"

आंटी एका नवरीचे ब्रश धूत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मयताचं मी करते आणि पुढेही करणार. वैशालीला यायचं असेल तर येऊ दे."

झालं. वैशालीसाठी दुसरं पार्लर ठरलं. दोन दिवसांत इमारतीतल्या आणखी तीन नवऱ्या फिरल्या. लग्नाचा हंगाम, आणि आंटींची खुर्ची रिकामी. सेक्रेटरींच्या बायकोने सुचवलं, "नुसतं म्हणा ना, की यापुढे करणार नाही." आंटींनी दार लावून घेतलं.

मला राग आला आणि मी तो गिळला नाही. रात्रीच्या जेवणात सासूबाईंना विचारलं, "आपल्याकडे सवाष्ण गेली की तिला न्हाऊ घालून हळदकुंकू कोण लावतं? वेणी कोण माळतं? आपणच ना? आणि त्याच हातांनी आपण पोळ्या लाटतोच की."

"ते वेगळं," सासूबाई म्हणाल्या.

"कसं वेगळं?"

"वेगळं म्हणजे वेगळं. भात घे."

लग्नाच्या दिवशी वैशालीला त्या दुसऱ्या पार्लरवालीने असं काही थापलं, की माझी सावळी, गोड नणंद पिठात पडल्यासारखी दिसू लागली. ते पाहून मी नेसलेल्या पैठणीनिशी खाली गेले आणि आंटींच्या खुर्चीत बसले.

"माझं करा. आणि मयताचा ब्रश घ्या. त्याच ब्रशाने रंगवलेलं तोंड घेऊन मी हॉलमध्ये सगळ्यांच्या पुढे बसणार आहे."

"तो नाही मिळणार," आंटी म्हणाल्या.

"म्हणजे वेगळा ब्रश आहे? मग त्या दिवशी सांगितलं का नाहीत? एका शब्दाने सगळं मिटलं असतं!"

"म्हणूनच नाही सांगितलं. गेलेली माणसं काय घाण आहेत, म्हणून ब्रश वेगळा आहे, असं बोलू मी?"

त्यांनी कपाटातून बिस्किटाचा डबा काढला. आत मलमलीत गुंडाळलेला एकच ब्रश होता. भावाने बोटीवरून आणलेला, खऱ्या केसांचा, त्यांच्याकडचा सर्वांत महाग. मी हाताला लावून पाहिला तर लागल्याचं कळलंसुद्धा नाही.

"हा फाउंडेशन पितो ना?"

"पिऊ दे. मऊ आहे." त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, मलमलीने पुसला. "माझी आई गेली तेव्हा कुणीतरी पफने पावडर बडवली तिच्या तोंडावर. बडवतच होती. आणि मी नुसती बघत उभी."

मग त्यांनी माझा चेहरा केला, नेहमीच्या नायलॉनच्या ब्रशाने, गॅलरीत नेऊन उन्हात तपासला. मी उठायला लागले तर म्हणाल्या, "मुहूर्ताला किती वेळ आहे?"

"तासभर."

"मग थांब." मला उठवून त्या स्वतःच खुर्चीत बसल्या. चष्मा काढून मांडीवर ठेवला, एक नायलॉनचा ब्रश माझ्या हातात दिला आणि मान मागे टेकवली. "लाव."

"मी? तुम्हाला? हॉलवर येताय का?"

"बोलावलंय कुणी? अगं, सगळ्यांचं मी केलं. माझं कोण करणार? भाऊ येईपर्यंत तर पेटी बंदही झालेली असेल." डोळे मिटलेलेच होते. "त्या वेळी डब्यातला घे. आज याच्यावर शिक."

मी नाकापासून सुरुवात केली आणि बाहेर आले. आंटींचा चेहरा इतक्या जवळून मी कधी पाहिलाच नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांना रंगवणाऱ्या त्या बाईच्या गालाला रंग असा कधी लागलेलाच नव्हता. माझे डोळे भरून आले, समोरचं दिसेना, आणि ब्रश जरा जोरात टेकला.

"टोचतंय गं," आंटी म्हणाल्या. "नीट शिकून घे. आज सांगतेय. तेव्हा मला सांगता नाही यायचं."