पिटुकलीच्या आईची समपातळी

“अगं, भांड्याला भांडं जोडू नकोस. पिण्याचं पाणी तरी वेगळं ठेव. आणि खाली तारमास्तरांना रोज एक हाक मारत जा!”

लेकीकडे राहायला गेलेल्या सासूबाईंनी फोनवर एवढ्या तीन गोष्टी बजावल्या. पिटुकलीच्या आईने तिन्ही एका कानाने ऐकल्या आणि लगेच फोन दुसऱ्या कानाला लावला, कारण पहिल्या कानाशी पिटुकली किंचाळत होती. या बदलाबदलीत तिन्ही सूचना मधल्या मध्ये कुठेतरी सांडल्या.

“आई, तुम्ही निर्धास्त राहा!” ती म्हणाली. “आपल्या घरात पाण्याचा एक थेंबही वाया जाणार नाही. लिहून घ्या!”

पाणी हा तिचा सध्याचा ध्यास होता. पिटुकली झाल्यापासून तिला आधी हवेची, मग जंतूंची आणि मग पंख्याच्या स्क्रूंची काळजी लागून झाली होती. आता पाण्याची पाळी होती, आणि या खेपेला काळजी खरी होती. शहराच्या तलावाचा तळ दिसायला लागला होता. नळाला एक दिवसाआड पाणी येत होतं, तेही धार म्हणावी की घाम, अशा बेताचं. त्यातच मुख्य जलवाहिनी फुटली, आणि दुरुस्तीसाठी पुरवठा तीन दिवस पूर्ण बंद राहणार असं जाहीर झालं.

तिने लगेच पाण्याविषयी मिळेल ते वाचून काढलं. “ऐकलंत का?” तिने नवऱ्याला सांगितलं, “तान्ह्या बाळाच्या अंगात पाऊण हिस्सा पाणी असतं!”

“म्हणजे उरलेला पाव हिस्सा नुसता आवाज!” पिटुकलीचे बाबा म्हणाले आणि डबा घेऊन कामावर सटकले.

बंद सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी तिने आपली योजना अमलात आणली. घरातलं झाडून सगळं पोकळ सामान तिने बैठकीच्या खोलीत मांडलं. निळा ड्रम, स्टीलचं पिंप, बादल्या, दोन कुकर, पिटुकलीचा आंघोळीचा टब, एवढंच काय, नवऱ्याचं हेल्मेटही तिने उलटं करून पाहिलं. पण कडेवर पोर घेऊन एवढी भांडी भरायची कशी? इथे तिचं कॉलेज उपयोगी पडलं. पाणी आपली पातळी समान ठेवतं! मग तिने नळीचे तुकडे केले, त्यांत पाणी भरलं, आणि एक टोक या भांड्याच्या बुडाशी, दुसरं त्या भांड्याच्या बुडाशी असं करत सगळी वरात एकमेकांना जोडून टाकली. बुटकी भांडी स्टुलावर चढवली, उंच खाली ठेवली. सगळ्यांचे काठ शाळेच्या फोटोतल्या मुलांसारखे एका रेषेत! मग फक्त ड्रममध्ये नळाची धार सोडली. ड्रम चढला तसं पिंप चढलं, बादल्या चढल्या, कुकरही चढले. शेवटी टबात पाणी आलं तेव्हा तिने पिटुकलीला हवेत उडवलं.

“बघितलंस? एकत्र कुटुंब!”

पिण्याचं पाणी वेगळं ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. फिल्टरमधलं पाणीही तिने पिंपातच ओतलं आणि आपलं एकत्र कुटुंब संपूर्ण केलं. वेगळं राहिलं ते फक्त पिटुकलीच्या दुधाच्या बाटलीत उकळून ठेवलेलं पाणी. बाटलीचं झाकण तिने असं आवळलं होतं की जंतू सोडाच, ते तिला स्वतःलाही उघडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंद सुरू झाला. अख्ख्या इमारतीचे चेहरे कोरडे पडले. ही मात्र टवटवीत! जिन्यातून खाली कचरा टाकायला गेली, तर पहिल्या मजल्यावर तारमास्तरांच्या दाराशी वर्तमानपत्र तसंच पडलेलं. दुधाची पिशवीही तशीच.

तारमास्तर एकटे राहायचे. जन्म तारखात्यात गेला, निवृत्त झाले, मग तारच बंद झाली, तेव्हापासून ते जगावर रुसलेलेच होते. घराची जादा किल्ली मात्र त्यांनी सासूबाईंकडे दिली होती. “मी दिसलो नाही तर उघडून बघा, आत कोणी मेलं तर नाही ना!” असं सांगून. ती किल्ली फ्रिजशेजारच्या खिळ्यावर, पिटुकलीच्या लाळेऱ्याखाली लटकत असे.

पिटुकलीच्या आईने ते वर्तमानपत्र पाहिलं. तिच्या नजरेतून काही सुटत नसे. ती नजर ठेवायची आणि लगेच निष्कर्षही काढायची. “झोपले असतील. पाणी नाही म्हटल्यावर उठून तरी करणार काय!” असं म्हणून ती वर आली.

आणि थोड्या वेळात पाइप वाजायला लागला.

कट्ट. कट्ट कट्ट. मग थांबून कट्ट... कट्ट... पुन्हा कट्ट कट्ट कट्ट! बाथरूममधून आवाज येत होता, भिंतीत कुणी सुतारपक्षी पाळल्यासारखा. पिटुकलीला तो फार आवडला. ती बसल्या बसल्या त्या तालावर बूड उडवू लागली.

तळमजल्याच्या शिलाईवाल्या मावशी गळ्यात टेप आणि हातात कात्री घेऊन वर आल्या. “काय गं, तू ठोकतेयस का? माझ्या मशीनची शिवण चुकतेय ना त्या तालाने! बाहीची शिवण गळ्यापर्यंत गेली!”

“मी नाही मावशी. तो पाण्याचा धक्का आहे.” पिटुकलीच्या आईने खुर्ची पुढे केली आणि विषय हातात घेतला. “वाहतं पाणी एकदम थांबलं की पाइपात आदळतं. शास्त्र आहे ते.”

“पण पाणी तर आज बंदच आहे ना?”

“म्हणूनच! पाण्याच्या जागी हवा शिरली. हवा कोंडली की धडका देते.”

“एवढी सुरात?”

“कंपनं असतात मावशी! कंपनांना लय असते!”

मावशींना ते पटलं नाही, पण कॉलेजात न गेलेलं माणूस ‘कंपनं’ या शब्दापुढे सहसा मान तुकवतं. त्या म्हणाल्या, “असेल बाई. मला तर कुणी चिडून बोलल्यासारखं वाटतंय.”

पाइप खरंच चिडला होता. कट्टकट्टकट्ट! जणू कुणी त्याचं ऐकतच नव्हतं.

गॅलरीत ओले लंगोट वाळत घालताना पिटुकलीच्या आईला खाली तारमास्तरांच्या गॅलरीत त्यांची प्लॅस्टिकची बादली दिसली. रिकामी, कोरडी ठणठणीत! तिचं मन भरून आलं. आपल्या घरी ड्रमच्या ड्रम, आणि खाली म्हाताऱ्या माणसाच्या बादलीत कोळी जाळं विणतोय!

“काका! ओ काका! पाणी सोडते हं बादलीत!” तिने वाकून हाक मारली.

उत्तर नाही. पाइपाने मात्र दुप्पट वेगाने धडका दिल्या.

“झोपलेत,” तिने मावशींना सांगितलं. “उठतील तेव्हा भरलेली बादली बघून चकितच होतील!” लांब नळीचं एक टोक तिने ड्रमच्या तळाशी सोडलं, दुसरं तोंडाने ओढून पाणी आलंसं दिसताच खाली बादलीत उतरवलं. झुळझुळ धार लागली.

“अगं, पण बादली भरली की बंद कोण करणार?” मावशी म्हणाल्या.

“आपोआप बंद होतं, मावशी. पातळी समान झाली की पाणी थांबतं. काल सगळ्यांसमोर...” इथे तिने हात फिरवून ड्रम, पिंप, कुकर अशी साक्षीदारांची रांग दाखवली, “सगळ्यांसमोर सिद्ध झालंय!”

आता, पातळी समान व्हायला दोन्ही भांडी एकाच मजल्यावर असावी लागतात, ही बारीकशी गोष्ट तिला रात्रीच्या जागरणामुळे सुचली नाही. तान्ह्या बाळाच्या आईला एक मजला म्हणजे काही अंतर वाटत नाही. तिने मावशींना चहासाठी बसवून घेतलं. चहाचं पाणी त्यांनी खाली जाऊन आपल्याच घरून पातेल्यात आणलं. बिचाऱ्या शेजारधर्म पाळणाऱ्या!

चहा झाला. पाण्याच्या उष्णता धरून ठेवण्याच्या गुणावर तिचं छोटंसं भाषणही झालं. बर्फ पाण्यावर तरंगतो म्हणून तळ्यातले मासे जगतात, हे तर तिने हातवारे करून सांगितलं. तेवढ्यात मावशींनी कान टवकारले.

“ऐक गं. खाली कुणीतरी पोहतंय का?”

जिन्यातून खळखळ ऐकू येत होती. दोघी धावल्या. तारमास्तरांच्या दाराखालून झऱ्यासारखं पाणी वाहत होतं, पायऱ्या उतरत होतं, आणि मावशींच्या दाराशी शिवायला आलेला कुणाचा तरी पायजमा घेऊन तळमजल्याच्या मोकळ्या जागेत हिंडत होतं. दुधाची पिशवी वर्तमानपत्रावर बसून नौकाविहार करत होती.

“कंपनं!” मावशी ओरडल्या. “ही बघ तुझी कंपनं!”

“नळी!” पिटुकलीची आई किंचाळली आणि वर पळाली. नळी ओढून काढायची गरज उरली नव्हती. नळीतून आता पाण्याऐवजी शेवटचा गुडुक् असा आवाज येत होता. ड्रम रिकामा. त्याने पिंप प्यायलं होतं, पिंपाने बादल्या, बादल्यांनी कुकर, कुकरांनी टब. पाण्याने शब्द तंतोतंत पाळला होता. समपातळी झाली होती! फक्त ती तारमास्तरांच्या घरात झाली होती.

आणि त्या शांततेत तिला आवाज आला. कट्ट. कट्ट... कट्ट. आता तो दमला होता. नळी थांबली, पाणी संपलं, तरी हवा धडका देतेय? कंपनं दमतात?

वर्तमानपत्र. दुधाची पिशवी. हाकेला ओ नाही. सगळं तिने पाहिलं होतं, आणि एकाही गोष्टीकडे बघितलं नव्हतं. तिने लाळेऱ्याखालची किल्ली ओरबाडली, सवयीने पिटुकलीची पिशवी खांद्याला अडकवली, तिला कडेवर मारलं आणि तीन तीन पायऱ्या एकदम उतरली.

दार उघडलं. घोट्याएवढ्या पाण्यात तारमास्तरांच्या चपला खुर्चीभोवती प्रदक्षिणा घालत होत्या. “काका! काका, कुठे आहात?”

बाथरूमच्या बंद दाराआडून आधी स्टीलचा मग पाइपावर आपटला. मग एक घोगरा, पण पूर्णपणे जिवंत आवाज आला. “आलात? सकाळपासून तार करतोय!”

कडी आतून अडकली होती. दांडा तुटून त्यांच्या हातात आला होता. पहाटे आत गेले ते आतच. ओरडून घसा बसला, तेव्हा त्यांनी स्टीलचा मग उचलला आणि पाइपावरून रीतसर तार ठोकायला सुरुवात केली. “‘कोंडलोय, सोडवा.’ शंभरदा पाठवली! तारेला पैसे शब्दागणिक, म्हणून दोनच शब्द! अख्ख्या इमारतीत एक शिकलेलं माणूस नाही!”

पिटुकलीची आई बाहेरून दार हलवून बघू लागली.

मागोमाग आलेल्या मावशींनी आपली मोठी कात्री फटीत घातली, कापड बेततात तशी तिरकी फिरवली, आणि कडी निखळली. तारमास्तर बाथरूमचा उंच उंबरा ओलांडून बाहेर आले. टॉवेल, बनियन आणि अफाट राग! पायाखाली पाहून थबकले.

“हे काय? आत नळाला थेंब नाही, जीभ टाळूला चिकटलीय, आणि बाहेर तलाव? पाणी द्या आधी! प्यायला!”

“आणते काका, भरपूर आहे!” सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं. दुसऱ्याच क्षणी तिला आठवलं, आणि ती दारातच पुतळ्यासारखी उभी राहिली. चहाला गेलं ते मावशींकडचं शेवटचं पातेलंभर पाणी होतं. तिघेजण घोटाभर पाण्यात उभे होते आणि प्यायला घोटभर पाणी नव्हतं!

तिने हळूच पिशवीतून पिटुकलीची बाटली काढली. उकळलेलं, निवलेलं, घरातलं एकमेव वेगळं ठेवलेलं पाणी. पिटुकलीने ती ओळखली आणि हात पुढे केले. आईने एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा तारमास्तरांच्या सुकलेल्या ओठांकडे. “तुझ्यासाठी पाणी मागवू गं बाबांकडून,” असं पुटपुटून तिने बाटली काकांना दिली.

झाकण कुणालाच उघडलं नाही. तिने ओढून पाहिलं, मावशींनी कात्री लावून पाहिली. शेवटी तारखात्याच्या त्या करारी माणसाने डोळे मिटले आणि झाकणावरच्या रबरी बुचातून, चोखून चोखून, सगळं पाणी प्यायलं. पिटुकली डोळे विस्फारून बघत राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला आपल्या वयाचं कुणी भेटलं होतं.

मग तिघांनी मिळून सुपली, फडकी आणि पिटुकलीचा टब घेऊन जमिनीवरचं सगळं पाणी पुन्हा बादल्यांत भरलं. इमारतभर वाटलं, संडासांत ओतायला सगळ्यांना पुरलं. पिण्याच्या पाण्याचे कॅन बाबांनी संध्याकाळी दुरून खांद्यावर आणले, जिन्यात घसरले, पण कॅन सोडले नाहीत.

रात्री सासूबाईंचा फोन आला. “काय गं, सगळं ठीक?”

“एक थेंबही वाया गेला नाही, आई!” ती छातीठोकपणे म्हणाली. खोटं काहीच नव्हतं त्यात.

“आणि तारमास्तर?”

“त्यांनी पोटभर पाणी प्यायलं,” ती म्हणाली आणि फोन पटकन दुसऱ्या कानाला लावला.

आता तारमास्तर रोज सकाळी पाइपावर तीनदा ठोकतात. “जिवंत आहे!” असा त्याचा अर्थ त्यांनी तिला शिकवला आहे. तीही वरून ठोकून पोच देते. पिटुकली ताल धरते. तेव्हा वाचकहो, तिचा तुम्हाला एक निरोप आहे. तुमच्या खाली, वर, शेजारी कुणी एकटं राहत असेल आणि दाराशी वर्तमानपत्र तसंच पडलं असेल, तर शास्त्र बाजूला ठेवा आणि आत्ताच्या आत्ता जाऊन बघून या. पाणी न्यायचं असेल तर तांब्यातून न्या.

नळी नको!