टिल्डाचं हरीण आणि हातभर अंतर

डेल क्वामेच्या गॅरेजमध्ये तुळईला टांगलेल्या हरणाभोवती ऑर्व्हिल तिसरी चक्कर मारत होता, आणि दर चकरेला त्याचा चेहरा आणखी आंबट होत होता. दहा टोकांच्या शिंगांचा नर होता तो. शिंगाला शिकारीच्या परवान्याचा टॅग, आणि टॅगवर डेलच्या अकरा वर्षांच्या लेकीचं, टिल्डाचं नाव. ऑर्व्हिल त्यांचा शेजारी. हा नर तीन वर्षं ऑर्व्हिलच्या झाडावरच्या कॅमेऱ्यात येत होता, त्यामुळे त्याची शिंगं ऑर्व्हिलने मनातल्या मनात आपल्या दिवाणखान्यात लावूनही टाकली होती.

"एका गोळीत?" ऑर्व्हिलने विचारलं.

"एका गोळीत," डेल म्हणाला.

"हिने?"

"नाही, मांजरीने," टिल्डा म्हणाली.

आमच्याकडे, विस्कॉन्सिनच्या उत्तरेला, ऑक्टोबरातले दोन दिवस फक्त मुलांच्या शिकारीचे असतात. मोठ्यांनी सोबत जायचं, हरणावर गोळी झाडायची नाही. आणि एखादा बहाद्दर बाप लेकराच्या टॅगवर स्वतःच हरीण पाडतो, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यामुळे शिंगं मोठी आणि नाव लहान दिसलं की सगळ्या गावाच्या भुवया वर जातात.

"आणि तू तिच्या शेजारी होतास?"

"हातभर अंतरावर. बारा वर्षांखालचं मूल, म्हणजे हातभर अंतर. मीच शिकवतो ना शिकारीच्या सुरक्षेच्या वर्गात!" डेलने छाती पुढे काढायचा प्रयत्न केला आणि "आई गं!" म्हणून पुन्हा वाकला.

"पाठीला काय झालंय?"

"काही नाही. थंडी."

ऑर्व्हिलने वाकलेल्या डेलकडे पाहिलं, मग हरणाकडे. "असा काटकोनात वाकून तू हे धूड जंगलातून ओढून आणलंस?" एवढं बोलून तो उत्तराची वाट न पाहता बाहेर गेला आणि कुंपणाशी उभा राहून फोन लावू लागला.

खरी गोष्ट अगदी साधी होती. पहाटे टिल्डाच्या बुटाची नाडी बांधायला डेल वाकला आणि त्याच्या पाठीत अशी उसण भरली की तो स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवा झाला तो झालाच. गावात सुरक्षेचे वर्ग घेणारा माणूस नाडीने आडवा केला. टिल्डा गंगायमुना वाहवू लागली, कारण वर्षभर ती याच सकाळची वाट पाहत होती. शेवटी डेलने थोरल्या बहिणीला फोन केला. मार्लीस आत्या भावाचे बूट आणि केशरी जाकीट चढवून भाचीला घेऊन मचाणावर गेली. सात वीसला नर आला, टिल्डाने नेम धरला, आणि आत्याने कानात बोटं घातली. दोघींनी मिळून हरीण बर्फावरच्या घसरगाडीवर टाकून घरी ओढत आणलं.

आता हे सांगायला काय हरकत होती? हरकत मार्लीसलाच होती. सोबतच्या माणसाने सुरक्षेचा वर्ग केलेला असावा लागतो. एक जानेवारी १९७३ च्या आधी जन्मलेल्यांना तेवढी माफी आहे. मार्लीसने वर्ग केलेला नव्हता, पण खऱ्या वयाने ती माफीत बसत होती. पण शिकारीचे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या वॉर्डन कर्ट झेलिन्स्कीला तिने आपलं वय अठ्ठेचाळीस सांगितलं होतं, आणि अठ्ठेचाळीस वर्षांची बाई त्या माफीत कुठूनही बसत नाही. मे महिन्यापासून दर शुक्रवारी ती दोघं क्लबात तळलेले मासे खायला जात होती. त्यामुळे जाण्याआधीच तिने भावाला आणि भाचीला शपथ घातली होती, की माझं नाव कुठेही येता कामा नये.

अर्ध्या तासाने वॉर्डनची गाडी दारात आली. कर्ट झेलिन्स्की जात्याच संशयी. दुकानदाराने सुटे पैसे हसून दिले तरी हा मागे वळून बघायचा. त्याने आधी हरीण पाहिलं, मग डेलची पाठ पाहिली, आणि वही काढली.

"डेल, सात वीसला कुठे होतास?"

"मचाणावर."

"खोटं!" गॅरेजच्या दारातून ऑर्व्हिल ओरडला. "मी अंडी मागायला आलो होतो. खिडकीतून पाहिलं, हा फरशीवर उताणा पडून पंख्याकडे बघत होता!"

"आणि तू मला उचललं नाहीस?" डेलच्या तोंडून निघून गेलं.

वॉर्डनने शांतपणे वहीचं पान उलटलं.

"म्हणजे बघ डेल, तू तिथे असशील तर ही गोळी तुझीच, असं सगळे म्हणणार. आणि नसशील तर पोर बंदूक घेऊन एकटी होती. दोन्हीकडून हरीण जप्त. टिल्डाची शिकार काही वर्षं बंद. तुझे वर्गही बंद."

टिल्डा मध्ये घुसली. "पण मी एकटी नव्हते! मोठं माणूस होतं. हातभर अंतरावर."

"कोण?"

"शपथ घातलीय."

"कोणी?"

"ते सांगितलं तर मग शपथ कसली, काका?"

वॉर्डनला हे पटलं, पण त्याचा संशय वाढला. तो गाडीकडे गेला आणि एक कागदी पिशवी घेऊन आला. येताना तो मचाणावर जाऊन आला होता. पिशवीतून त्याने थर्मासचा पेला काढला. पेल्याच्या कडेला लालभडक लिपस्टिकचा ठसा होता.

"टिल्डा, तू लिपस्टिक लावतेस?"

"ई!"

ऑर्व्हिलचे डोळे चमकले. हरणाचं दुःख तो क्षणात विसरला. "अरे डेल! बेव्ह तिच्या आईकडे दुलुथला गेलीय ना? आठवडा झाला नाही का?"

"तसलं काही नाहीये!"

"बायको माहेरी, लिपस्टिकवाली बाई मचाणावर, आणि नवरा फरशीवर! बेव्हला फोन करू का मी? शेजारधर्म म्हणून?"

"तू आधी घरी जा, ऑर्व्हिल!" डेल रडकुंडीला आला. इकडे लेकीचं हरीण चाललं होतं, तिकडे संसार. तोंड उघडावं तर थोरल्या बहिणीशी गाठ, आणि ती गाठ काय असते हे त्याला लहानपणापासून माहीत होतं.

"कोण आहे ही भवानी?" वॉर्डनने पेला उंच धरला. "शेवटचं विचारतो. नाव सांगा, नाहीतर मी हरीण उतरवतो." त्याने तुळईच्या दोरीला हात घातला. टिल्डाने धावत जाऊन दोन्ही हातांनी हरणाचा पाय घट्ट पकडला आणि मोठ्याने भोकाड पसरलं.

"मीच ती भवानी," मागून आवाज आला.

भोपळ्याच्या वड्यांचं ताट घेऊन मार्लीस दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिने ताट ऑर्व्हिलच्या हातात कोंबलं आणि सरळ वॉर्डनसमोर येऊन थांबली.

"मी नेलं हिला. गोळी हिने झाडली. मी हातभर अंतरावर होते. एका कानाने तर अजूनही धड ऐकू येत नाही."

वॉर्डनने पेला हळूच खाली ठेवला. "मार्लीस, सुरक्षेचा वर्ग केलायस?"

"नाही."

"मग चालत नाही. तूच मला सांगितलंयस, तू अठ्ठेचाळीसची आहेस. वर्गाशिवाय तुझी सोबत धरता येत नाही." त्याने मान खाली घातली. "हरीण न्यावं लागेल."

मार्लीसने टिल्डाकडे पाहिलं. पोरीचं नाक गळत होतं, डोळे सुजले होते, आणि हरणाचा पाय तिने सोडला नव्हता. मार्लीसने एक मोठा श्वास घेतला, जाकिटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेला शिकारीचा परवाना काढला आणि वॉर्डनच्या छातीवर आपटला.

"घे. जन्मतारीख वाच. मनातल्या मनात वाच."

वॉर्डनने वाचली. ऑर्व्हिलने मान लांबवली.

"बावन्न!" तो म्हणाला. "त्यात वाचायचं काय? शाळेत एकाच बाकावर बसायचो आम्ही. सगळ्या गावाला माहीत आहे."

"ऑर्व्हिल, तोंडात वडी घाल," मार्लीस म्हणाली. तिचे कान लाल झाले होते, तरी तिची नजर वॉर्डनवरून हलली नाही. "झालं समाधान? आता पोरीचं हरीण सोड. शुक्रवारी नाही आलास तरी चालेल."

वॉर्डनने परवान्याची नीट घडी घातली आणि तिला परत दिला. वहीत दोन ओळी लिहिल्या, पान फाडून टिल्डाच्या हातात दिलं. "हरीण तुझं. नेम छान आहे." टिल्डाने बाहीला नाक पुसलं आणि तो कागद तीनदा वाचला. डेलने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि पाठ विसरून सरळ उभं राहायला गेल्यामुळे पुन्हा ओरडला.

"आणि मार्लीस," वॉर्डन टोपीशी चाळा करत म्हणाला, "शुक्रवारी मी येणारच. बावन्न की अठ्ठेचाळीस, मला काय फरक पडतो? मला तर मेपासून माहीत आहे."

"मेपासून?"

"पहिल्या शुक्रवारच्या आधीच मी संगणकावर तुझं नाव टाकून पाहिलं होतं." आपण मोठ्या मनाने काहीतरी गोड बोलतोय, अशी त्याची समजूत होती. "फक्त तू स्वतःहून सांगावंस, एवढीच इच्छा होती."

मार्लीसचा चेहरा हळूहळू बदलला. मघाचा लाल रंग कानांवरून गालांवर उतरला, पण तो आता लाजेचा राहिला नव्हता.

"मी पाच महिने अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीस करत होते, आणि तू मासे खात नुसती मान डोलवत होतास?"

"म्हणजे... तसं..."

"आणखी काय काय पाहिलंस माझ्याबद्दल?"

वॉर्डनने वही खिशात घालायचा प्रयत्न केला. ती जाईना. त्याने गाडीकडे पाहिलं, पण गाडीच्या वाटेत मार्लीस उभी होती. "काही विशेष नाही. गाडीचे दंड. घटस्फोटाची तारीख. आधीच्या नवऱ्याचा... एक-दोन गोष्टी."

मार्लीसने कोपऱ्यातलं स्टूल पायाने पुढे ओढलं.

"बस इथे," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांग. आणि ऑर्व्हिल, तू कुठे निघालास? साक्षीदार लागेल मला."

ऑर्व्हिल कुठेच निघाला नव्हता. तो आधीच दुसरी वडी घेऊन खोक्यावर बसला होता.